कोंबड्या झाकायची वेळ

बाबा, मागच्या अंगणात पुन्हा कोंबड्या आल्या आहेत. एवढंच सांगायचं म्हणून बसले आणि आता पुढे काय लिहावं ते सुचेना. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलंच नाही. तुम्ही लांब कधी गेला नाहीत; गेलात तर कंपनीत, आणि कंपनी म्हणजे सायकलवरची वाट. सातपूरचं हे घर तसंच आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मधे आईची खाट, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे तो अंगणाचा तुकडा. शेजाऱ्यांनी आपापली अंगणं बांधून काढली, त्यावर मजले चढवले, त्यामुळे आपल्या अंगणात आता ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. थंडीत तर ते एखाद्या घाईतल्या पाहुण्यासारखं येतं, चहासुद्धा न घेता उठतं. तुम्ही असतात तर शेजाऱ्यांशी भांडला असतात. मी भांडत नाही. मी त्यांच्या बायकांचे ब्लाऊज शिवते.

आई अजून आहे. आहे म्हणायचं म्हणून आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वेळची माणसं गल्लीत शोधावी लागतात, आणि तिच्या डोक्यातून मात्र नेमकी मधली सगळी वर्षं गळून गेली आहेत. तुम्ही कामावर गेलात आणि परत यायचे आहात, एवढंच काय ते तिच्याकडे शिल्लक आहे. तुम्ही दुपारी डबा घेऊन सेकंड शिफ्टला गेलात आणि कंपनीतच छाती धरून बसलात, तो आठवडा तिच्यासाठी अजून संपलेलाच नाही. रोज ऊन कलायला लागलं की ती खाटेवर उठून बसते आणि विचारते, "कोंबड्या झाकल्या का गं? तुझा बाप येऊन पहिलं तेच विचारील."

तुमच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात कोंबड्या झाकायचं काम तिचं असायचं, म्हणून तिला ती काळजी. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. म्हटलं, आई, कोंबड्या कधीच गेल्या, बाबाही गेले.  तिचा चेहरा असा झाला, जणू बातमी आत्ताच कंपनीतून आली आहे. दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुन्हा तोच प्रश्न. रोज संध्याकाळी तिला नव्याने विधवा करायचं माझ्या जिवावर आलं. मग मी खोटं बोलायला लागले. "झाकल्या आई. बाबा सेकंडला गेलेत. येतील." तिला तेवढं पुरायचं, आणि मीही मशीनवर बसायचे.

तुमचा हार घातलेला फोटो मी भिंतीवरून काढून कपाटात साड्यांखाली ठेवला. हार घातलेला माणूस सेकंड शिफ्टला कसा जाईल? आणि यंदा पितरांत तुमचं पान वाढलं नाही. आई पाटावर बसून विचारणार, कुणाचं गं पान, आणि मी काय सांगणार होते? समोरच्या काकूंनी टोकलं, "वडलांचं काही केलं नाहीस या साली?" मी म्हटलं, तब्येत बरी नव्हती. कावळे येऊन पत्र्यावर बसले, ओरडले आणि गेले. मला त्या दिवशी फार अपराधी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दिवाळीनंतर हवा फिरली तशी एका संध्याकाळी आई स्वतःच उठून मागे गेली. मी पुढे गिऱ्हाइकाचं माप घेत होते. बोंब ऐकू आली म्हणून धावले, तर ती अनवाणी, फरशीवर, मोडक्या खुराड्याच्या तोंडात हात घालून उभी. "नेल्या गं नेल्या! मुंगसानं नेल्या नाय तर चोरांनी! आता त्याला काय सांगू मी?" ती इतकी थरथरत होती की मला तिला धरवेना. त्या खुराड्यात काय होतं? जुना स्टोव्ह, रंगाचे रिकामे डबे. तुमच्यानंतर एका वर्षी मानमोडी आली, सगळ्या कोंबड्या माना वाकड्या करून पडल्या, आणि तेव्हापासून ते खुराडं म्हणजे अडगळीची जागा झालं होतं. त्या रात्री आईला ताप आला. डॉक्टर म्हणाले, छाती जुनी झालीय यांची, ही थंडी सांभाळून काढा. थंडीत बाहेर जाऊ देऊ नका. मी मनात म्हटलं, ज्या बाईला कोंबड्या झाकायच्या आहेत तिला कोण अडवणार? मग एकच उपाय राहिला. खोटं आहे ते खरं करायचं.

पेठ तालुक्याकडून एक जण मोटरसायकलला डालगं बांधून गावठी कोंबड्या विकायला येतो. बांबूच्या त्या डालग्यातून मी आपल्याला सोसतील तेवढ्या काढून घेतल्या. एक तांबडी, एक ठिपक्यांची, एक मान उघडी असलेली भांडखोर, अशा. खुराडं मीच सारखं केलं. तुम्ही ते कंपनीतल्या पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्यांचं केलं होतं. एका फळीवर अजून 'हा भाग वर' असं लिहिलेलं आहे, आणि ती फळी तुम्ही खालच्या बाजूला लावली आहे. लहानपणी मला त्याचं फार हसू यायचं. खिळे उपसताना पाहिलं की वरची फट तुम्ही मुद्दाम ठेवली होती. मी ती पुठ्ठ्याने बुजवायला निघाले होते, आणि एकदम तुमचा आवाज आठवला.

मी असेन सातवी-आठवीत. कडाक्याची थंडी आहे. तुम्ही थर्ड शिफ्ट करून सकाळी आला आहात, माकडटोपी अजून डोक्यावर आहे, सायकल भिंतीला टेकवून, हातपाय न धुता तुम्ही आधी मागे येता. मी हुशारी करून खुराड्यावर आईचं जुनं लुगडं आणि त्यावर प्लास्टिक असं चहूबाजूंनी गच्च बांधून ठेवलं आहे. तुम्ही प्लास्टिक ओढता तशी आतून वाफ येते, आणि कोंबड्या भिजल्यासारख्या बसलेल्या. तुम्ही म्हणता, "काय गं, उकडून खाणार हायेस का त्यांना?" मग खाली बसून, चिडलेलेच, पण समजावून सांगता. कोंबडीला थंडी सोसते, तिच्या अंगावर गादीच असते. ओल सोसत नाही. वारा येतो ती बाजू गोणपाटाने झाकायची, वर फट ठेवायची, खाली भाताचा तूस घालायचा आणि तो दर दोन दिवसांनी खालीवर करायचा. मला वाटतं, तुम्ही माझ्याशी एवढं सलग बोललात ते तेव्हाच. बाकी सगळं बोलणं 'जेवलीस का' आणि 'दिवा घालव' यातच झालं.

म्हणून मी फट ठेवली. कोपऱ्यात चुलीची राख ओतली, त्यांना लोळायला. चूल आता नाही, राख हॉटेलातून मागून आणावी लागते, आणि तो पोऱ्या माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहतो. गोणपाटाला मी मशीनवर दुमड घातली. तुम्ही हॅक्सॉच्या ब्लेडची टाके उसवायची जी उसवणी घासून दिली होती, मी शिवण शिकायला लागले तेव्हा, ती अजून वापरते. बाजारात छान रंगीत मुठीच्या मिळतात. तुमची हाताला लागते, तरी तीच घेते.

आईला मी पहिल्या संध्याकाळी मागच्या दारात खुर्ची टाकून बसवलं आणि म्हटलं, बघ, झाकते आहे. गोणपाट सोडलं. ती खुर्चीतून वाकून, एकेकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तांबडीला बाजूला घेत जा. ती दुसरीला बसू देत नाय." तिला माझा वाढदिवस माहीत नाही, दुपारी काय जेवली ते माहीत नाही, आणि तांबडीचा स्वभाव एका नजरेत कळला. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पण त्या दिवसापासून ती शांत झोपायला लागली. मी म्हटलं, चला, ही थंडी निघते.

थंडी वाढली तशी कोंबड्या अंगणात फिरेनाशा झाल्या. ऊन नाही, माती नाही, सगळी फरशी. एका कोपऱ्यात गोळा होऊन बसायच्या, आणि बसून बसून एकमेकींना टोचायच्या. ठिपक्यांचीचं शेपटाकडची पिसं पार निघाली, रक्त आलं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या जास्तच. मी हळद-तेल लावलं. अंडी तर बंदच होती. त्यावर आई म्हणाली, "रागवू नको. थंडीत तिलाबी सुटी लागते." पण टोचणं थांबेना, आणि माझी चूक मला दिसत होती. शिवणकामाची घाई म्हणून मी सकाळी सगळे दाणे एका थाळीत ओतून मोकळी होत होते. त्यावरही तुम्ही एकदा बोलला होतात, पार पूर्वी, माझ्या हातातली वाटी काढून घेऊन. "वाटीत टाकलंस तं दोन मिन्टात खातील. मंग दिसभर काय करतील त्या? एकमेकीचं डोकं फोडतील." आणि मूठभर नागली तुसात फेकून, पायाने तूस सारखा करून म्हणाला होतात, "आता शोधू दे. शोधण्यात दिस जातो."

मग मीही नागली तुसात फेकायला लागले. कोबीचा गड्डा सुतळीने टांगला, त्यांना मान वर करून उडी मारावी लागेल इतका उंच. भांडखोर बाई आधी त्या कोबीलाच शत्रू समजून बसली, नंतर दिवसभर त्याच्याशी कुस्ती. टोचणं कमी झालं. आणि बाबा, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आईलाही तसंच वाटीत वाढत होते. वेळेवर जेवण, वेळेवर गोळी, अंगावर पांघरूण, आणि मग दिवसभर भिंत. म्हणून मी तिच्या मांडीवर सूप दिलं, त्यात नागली आणि थोडे खडे मी स्वतःच मिसळलेले. ती उन्हाच्या तुकड्यात बसून खडे वेचायची. संध्याकाळी ते खडे मी पुन्हा मिसळायचे. ही फसवणूक आहे हे मला कळतं. पण निवडताना ती गुणगुणायची, तिच्या माहेरच्या, त्या डोंगराकडच्या बोलीत, आणि मधेच मला म्हणायची, "तुझ्या बापाला नागलीची भाकर आवडती. गव्हाची चपाती त्याला कोरडी लागती." ते दिवस बरे गेले. इतके बरे की मला धास्ती वाटायला हवी होती.

नवीन वर्ष लागलं आणि थंडीची लाट आली. निफाडकडे द्राक्षवाल्यांनी बागांत शेकोट्या पेटवल्या, पेपरात रोज गारठ्याचे फोटो. अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. आईने हट्ट धरला, "घरात घे त्यांना. या गारठ्यात कोंबडी भायेर ठेवतं का कुणी?" तिच्या गावी माणसं आणि कोंबड्या एकाच छपराखाली झोपायची, चुलीच्या उबेला. तिचं खरंच होतं. मी डालगं विकत आणलं, स्वयंपाकघरात कोपऱ्यात तूस पसरून त्यावर पालथं घातलं, आत कोंबड्या. आई खूश. तिच्या खाटेवरून ते डालगं दिसत होतं. मी तिला तुमची जाड गोधडी पांघरली, पायांत मोजे घातले आणि पुढच्या खोलीत जाऊन झोपले.

सकाळी उठून आधी चहाचं आधण ठेवायला गेले तर डालग्यावर गोधडी होती. नीट, चारी बाजूंनी टोकं ओढून, वरच्या बाजूला थोडी फट ठेवून. आत कोंबड्या कुरकुरत होत्या, अगदी उबदार, ठणठणीत. आई खाटेवर नुसत्या लुगड्यात, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ काळपट. मी हात लावला आणि मला वाटलं, संपलं. नव्हतं संपलं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "झाकल्या बघ मी. तू विसरली होतीस."

दवाखान्यात छातीत न्यूमोनिया निघाला. तिथले दिवस मी सांगत बसत नाही. आपला धाकटा पुण्याहून आला, दोन रात्री थांबला, आणि जाताना दारात म्हणाला, "ताई, त्या कोंबड्या आधी विकून टाक. आईपेक्षा त्यांचंच चाललंय तुझ्या घरात." मी त्याच्यावर खवळले. म्हटलं, तू चार महिन्यांनी एकदा येतोस, तुला काय कळतं तिला काय लागतं.  तो चुकीचं बोलला नव्हता. कोंबड्या आणल्या नसत्या तर गोधडी तिच्या अंगावर राहिली असती. आणल्या नसत्या तर ती रोज संध्याकाळी अनवाणी अंगणात गेली असती. मी हे सगळीकडून उलटून पाहिलं आहे, बाबा, रोज पाहते, आणि बसवायला गेलं की कुठूनच बसत नाही.

आई घरी आली ती पार निवलेली. बोलणं जवळजवळ बंद. ऊन कलतं, मी शिवण थांबवून वाट बघते, ती छताकडे बघत पडून राहते. कोंबड्यांचं विचारत नाही. तुमचंही विचारत नाही. इतके महिने त्या एका प्रश्नाला मी वैतागले होते, कधीकधी तर ओरडलेही असेन, आणि आता तो येत नाही म्हणून घर खायला उठतं. मी मुद्दाम मोठ्याने म्हणते, "आई, झाकते गं कोंबड्या."  मग गोणपाट सोडते, तूस हलवते, कोबी बदलते. समोरच्या काकू म्हणाल्या, कशाला करतेस आता एवढं? मी म्हटलं, नाहीतर कोंबड्यांना टोचायची सवय लागेल. काकूंना ते पटलं नाही, पण ठिपक्यांचीला आता नवी पिसं फुटली आहेत हे मी त्यांना दाखवलं.

काल सकाळी ऊन जरा बरं होतं. आईला उचलून मागच्या दारात बसवलं, शाल गुंडाळली. मी सुतळीला नवा गड्डा बांधत होते. पाठीमागून आवाज आला, अगदी स्वच्छ, पूर्वीचा, ती तुमच्याशी हिशेबाने बोलायची तसा. "तुझा बाप नाय येणार."

मी वळले. म्हटलं, "काय म्हणालीस?"

"मेला ना तो. थंडीतच मेला. डबा परत आला व्हता. भाकर तशीच व्हती डब्यात, भाजी तेवढी खाल्ली व्हती." मग म्हणाली, "मी ती भाकर कोंबड्यांना घातली. तू शाळेत व्हतीस का तवा?"

हे मला माहीत नव्हतं. ती भाकर कुठे गेली हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. आईच्या डोळ्यांत काही धुरकट नव्हतं, ती अख्खीच्या अख्खी माझ्यासमोर बसलेली होती, कदाचित शेवटची. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही दोघी एकत्र रडलोच नाही. ती कोंबड्यांत गुंतली, मी काकांनी आणून दिलेल्या मशीनवर बसले, धाकटा लहान होता. आता मला नुसतं 'हो आई' म्हणून तिच्याजवळ खाली बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही गं आई. सेकंडला गेलेत बाबा. येतील."

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. तापात बरळणाऱ्या पोरीकडे आई बघते तसं. मग शालीतून हात काढून माझ्या गालाला लावला, थंडगार हात, आणि म्हणाली, "बरं. येईल." त्यानंतर पुन्हा काही बोलली नाही. आजही नाही.

हे लिहिलं खरं, पण ठेवू कुठे ते कळत नाही. आपल्या घरात तुम्ही कामावर गेलेले आहात, आणि कामावर गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहीत नाही. चिंध्यांच्या पिशवीत तळाशी राहील. धाकट्याला सांगणार नाही, डॉक्टरांना सांगणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते, बाबा. काल ते 'येतील' मी आईसाठी बोलले नव्हते.